काळ्या मातीत ट्रॅक्टर का रुततो? चिखलासाठी टायर घेताना खामगावच्या शेतकऱ्याने काय बघावं?

सोशल मीडियावर चिखलात उड्या मारणाऱ्या एटीव्हीचे रील्स भरपूर दिसतात. चार जाडजूड चाकं, त्यावर बोटभर उंचीची रबरी नखं आणि मागे उडणारा चिखल. खाली कमेंटमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, "भाऊ, टायर कोणते?"

विदर्भात ही गाडी शेतावर क्वचितच दिसते. तिचं काम ट्रॅक्टर करतो. भारतात एटीव्ही हा प्रकार मुळात रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदलाच जात नव्हता. पोलॅरिस कंपनीने २०२० मध्ये आपली 'स्पोर्ट्समन ५७०' रस्त्यावर चालवण्याची परवानगी घेऊन आणली, तीसुद्धा ट्रॅक्टर म्हणून. त्यामुळे चिखलाच्या टायरचा खरा प्रश्न बघायचा तर बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावसारख्या ठिकाणी, जुलै महिन्यात, पांदण रस्त्यावर बघावा लागतो.

इथे टायर चुकला तर रील बनत नाही. पेरणीचे दोन दिवस जातात, डिझेल जळतं, शेतात चाकोरीचे खड्डे पडतात. आणि रुतलेला ट्रॅक्टर चुकीच्या पद्धतीने काढायला गेलं तर जीवही जाऊ शकतो.

मग टायर निवडायचा कसा? एकेक गोष्ट बघू.

आधी माती समजून घ्या

खामगाव म्हणजे जुनं कापसाचं गाव. इथला कापूस नेण्यासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला होता. कापूस इथे पिकतो तो काळ्या मातीमुळे, आणि ट्रॅक्टर इथे रुततो तोही काळ्या मातीमुळेच.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण खूप असतं. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, आणि काळ्या मातीतले हे कण पत्त्यांच्या गड्डीसारखे एकावर एक रचलेले असतात. पाऊस पडला की या पत्त्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरतं आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

ट्रॅक्टरच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती मधली अवस्था. माती अगदी कोरडी असते तेव्हा दगडासारखी कडक असते. खूप पाणी झालं की पातळ होते. या दोन्हींच्या मध्ये ती लोण्यासारखी मऊ आणि डिंकासारखी चिकट असते. ती टायरच्या खाचांमध्ये भरते आणि तिथेच बसते. चाकाचे दोन-चार फेरे झाले की टायरवर नक्षी उरतच नाही. मातीने गुळगुळीत झालेला एक गोल रूळ तेवढा फिरत राहतो.

म्हणूनच वाळूत किंवा मुरमाच्या चिखलात उत्तम चालणारा टायर काळ्या मातीत फसू शकतो. इथल्या टायरची पहिली परीक्षा पकडीची नसून खाचेत भरलेली माती झटकून टाकण्याची आहे.

चिखलाच्या खाली काय आहे?

टायर रुंद घ्यावा की अरुंद, यावर पारावर तासभर वाद होऊ शकतो. उत्तर वरच्या चिखलात नसून त्याच्या खाली आहे.

खाली हातभर खोलीवर मुरूम किंवा टणक थर असेल, तर अरुंद आणि उंच टायर चिखल कापत खाली जातो, टणक थराला टेकतो आणि तिथे पकड घेतो. खाली टणक थरच नसेल, तर तोच अरुंद टायर आणखी खोल जात राहतो आणि शेवटी ट्रॅक्टरचं पोट जमिनीला टेकतं. तिथे रुंद टायर हवा, कारण तो वजन पसरवतो आणि वर तरंगतो.

खामगाव परिसरात हे दोन्ही प्रकार सापडतात. उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे, म्हणजे पायनघाटाकडे, काळी माती खोल होत जाते. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे, घाटाच्या बाजूला जमीन हलकी आणि उथळ होते, मुरूम लवकर लागतो. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन शेतकऱ्यांना दोन वेगळे टायर योग्य ठरू शकतात. शेजाऱ्याने कोणता घेतला, यापेक्षा आपल्या शेतात पहार किती खोलवर सहज जाते, हे बघणं जास्त उपयोगाचं.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर '१३.६-२८' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी इंचांमध्ये. दुसरा म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचांमध्ये. मधे आडव्या रेघेऐवजी 'आर' असेल तर तो रेडियल टायर. नव्या पद्धतीत हीच मापं मिलिमीटरमध्ये येतात. '३४०/८५ आर २८' हा साधारण १३.६ चाच भाऊ, आणि '४२०/८५ आर २८' म्हणजे १६.९.

एटीव्हीच्या टायरवर क्रम वेगळा असतो. '२५×१०-१२' म्हणजे टायरची एकूण उंची २५ इंच, रुंदी १० इंच आणि रिम १२ इंच.

'८ पीआर', '१२ पीआर' ही प्लाय रेटिंग. टायर किती भार सोसेल याचा हा अंदाज. जास्त प्लायचा टायर काट्याकुट्यांत आणि भरल्या ट्रॉलीसोबत टिकतो, पण त्याच्या भिंती कडक असतात. चिखलात हवा कमी केली तरी तो नीट पसरत नाही. म्हणून "जास्त प्लाय म्हणजे चांगला टायर" हे चिखलाच्या बाबतीत नेहमी खरं नसतं.

यांशिवाय टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. '२३२४' असेल तर तो टायर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी हा शिक्का बघावा.

नक्षी: आर-१ की आर-२?

टायरवर जी तिरकी उंच रबरी पट्टी असते तिला लग म्हणतात. तिच्या उंचीवरून ट्रॅक्टर टायरचे प्रकार पडतात.

आर-१ हा सगळ्यात सामान्य प्रकार. बहुतेक ट्रॅक्टर कारखान्यातून याच टायरवर बाहेर पडतात. नांगरणी, वखरणी, ट्रॉली ओढणं, सगळ्यात ठीकठाक.

आर-१डब्ल्यू मध्ये लग सुमारे २० टक्के जास्त उंच असते. ओल्या, चिकट जमिनीसाठी हा मधला मार्ग.

आर-२ मध्ये लगची उंची आर-१ च्या जवळपास दुप्पट असते आणि दोन लगमधलं अंतरही मोठं असतं. भाताची खाचरं आणि उसाची ओली शेतं यांच्यासाठी तो बनला आहे.

मग सरळ आर-२ च घ्यावा ना? इथेच गोची आहे. खामगावचा ट्रॅक्टर वर्षभर चिखलात नसतो. तो सोयाबीन भरून बाजार समितीत जातो, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ट्रॉली ओढतो, उन्हाळ्यात मुरूम वाहतो. उंच लग डांबरावर वाकतात, तापतात आणि भराभर झिजतात. ट्रॅक्टर हादरतो ते वेगळंच. वर्षातले पंधरा दिवस चिखलाचे आणि तीनशे दिवस रस्त्याचे असतील, तर आर-२ घेणं म्हणजे पंधरा दिवसांसाठी टायरचं आयुष्य कमी करणं.

ढोबळ नियम असा: निम्म्याहून जास्त काम रस्त्यावर असेल तर आर-१. काम मुख्यतः शेतात आणि जमीन खोल काळी असेल तर आर-१डब्ल्यू किंवा त्यासारखी उंच नक्षी. आर-२ भातवाल्यांसाठी सोडून द्यावा. पूर्व विदर्भात आणि कोकणात चिखलणीला वापरतात ती लोखंडी केजव्हीलही भातखाचरापुरतीच. डांबरी रस्त्यावर ती नेली की रस्ता उखडतो.

नक्षीत आणखी एक गोष्ट बघायची. दोन लगमधली खाच जितकी मोकळी आणि बाहेरच्या बाजूला उघडी, तितकी माती लवकर निसटते. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. बाण पुढच्या दिशेनेच हवा. तसा टायर बसवला की लगचं मधलं टोक आधी जमिनीला टेकतं आणि चिखल दोन्ही बाजूंना ढकलला जातो. उलटा बसवला तर चिखल मधेच गोळा होतो.

कापसाच्या ओळी विसरू नका

१३.६ इंच म्हणजे जवळपास ३४.५ सेंटिमीटर. सोयाबीनच्या दोन ओळींत अंतर असतं साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे हा टायर ओळीत घातला तर दोन्ही बाजूंना जेमतेम पाच-पाच सेंटिमीटर उरतात. थोडं स्टिअरिंग हललं की पीक चाकाखाली.

त्यामुळे ट्रॅक्टरने डवरणी किंवा फवारणी करायची असेल तर छोटे ट्रॅक्टर आणि अरुंद टायर लागतात. १५ ते २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे ८.००-१८ किंवा ८.३-२० असे टायर मिळतात. त्यांची रुंदी २० ते २१ सेंटिमीटर. पण हेच अरुंद टायर खोल काळ्या मातीत लवकर रुततात. म्हणजे पिकासाठी अरुंद आणि चिखलासाठी रुंद, अशी ओढाताण होते. दोन्ही एका टायरमध्ये मिळत नाही. आपला ट्रॅक्टर वर्षातून जास्त दिवस काय करतो, याचा हिशोब मांडूनच ठरवावं लागतं.

फुकटातला उपाय: हवा

नवा टायर घेण्याआधी आहे त्याच टायरमधली हवा तपासावी. ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकावर साधारण ६५० किलो भार येतो असं धरू. टायरमध्ये २० पीएसआय हवा असेल, तर ढोबळ हिशोबाने तो सुमारे ४६० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो. हवा १२ पीएसआयवर आणली तर तोच टायर सुमारे ७७० चौरस सेंटिमीटर जमीन धरतो. टायर तोच, ट्रॅक्टर तोच, पण पाऊल दीडपटीपेक्षा मोठं.

शेतात मागच्या टायरची हवा १२ ते १६ पीएसआयच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. ट्रॉली घेऊन रस्त्यावर जायचं असेल तर हवा पुन्हा वाढवायची, नाहीतर टायरच्या भिंती तापून फाटतात. 'एकदा भरली की वर्षभर तीच हवा' या सवयीमुळे शेतातही नुकसान होतं आणि रस्त्यावरही. हवा मोजायचं साधं मीटर टायरच्या किमतीपुढे काहीच नाही.

टायरमध्ये पाणी भरावं का?

मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी भरायची पद्धत आहे. १३.६-२८ सारख्या टायरात सुमारे २०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दोन चाकांवर मिळून ४०० किलो वजन वाढलं. कोरड्या जमिनीत नांगर ओढताना याचा फायदा होतो, चाकं घसरत नाहीत.

चिखलात मात्र हिशोब उलटा होतो. तिथे जास्त वजन म्हणजे जास्त खोल रुतणं. उन्हाळी नांगरणीसाठी भरलेलं पाणी आणि लावलेली लोखंडी वजनं पावसाळ्यातल्या हलक्या कामांसाठी तशीच ठेवू नयेत.

फोर व्हील ड्राइव्ह घेतलाय? मग ही चूक टाळा

चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान असतात, पण दोन्हींचं गणित गिअरमध्ये जुळवलेलं असतं. पुढची चाकं किंचित जास्त वेगाने, साधारण १ ते ५ टक्के पुढे ओढत राहतात. मागे वेगळ्या मापाचा, जास्त उंचीचा टायर टाकला आणि पुढचा तोच ठेवला, तर हे गणित बिघडतं. मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. माप बदलायचं असेल तर पुढचे-मागचे दोन्ही जोडीने बदलावेत, तेही कंपनीच्या तक्त्यात बघून.

टायर घसरतोय का? घरच्या घरी चाचणी

मागच्या टायरवर खडूने एक खूण करा. शेतात अवजार लावून, काम करत ट्रॅक्टर चालवा आणि चाकाचे बरोबर १० फेरे होतील तेवढं अंतर दोन खुंट्या ठोकून मोजून ठेवा. आता अवजार उचलून तेच अंतर पुन्हा चालवा आणि फेरे मोजा. साडेआठ फेऱ्यांत अंतर संपलं, तर काम करताना चाक १५ टक्के घसरत होतं.

१० ते १५ टक्के घसरण चालते. २० च्या वर गेली तर डिझेल आणि रबर दोन्ही वाया जातंय. त्याच वेळी घसरण अगदीच शून्याजवळ असेल तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन लादलेलं आहे. टायर बदलायचा की नाही, हे दुकानदाराला विचारण्याआधी ही चाचणी सांगते.

रुतलाच तर हे करू नका

सगळ्यात गंभीर मुद्दा हा. चाक रुतलं की मागच्या चाकाला आडवं लाकूड साखळीने बांधून ट्रॅक्टर पुढे घ्यायचा, हा 'जुगाड' अनेक ठिकाणी केला जातो. तो जीवघेणा आहे.

इंजिनची ताकद चाक फिरवायला बघते. लाकडामुळे चाक अडकलं, तर तीच ताकद ट्रॅक्टरला चाकाभोवती फिरवते. पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. या सगळ्याला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढतानाही साखळी ओढणाऱ्याच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. हायड्रॉलिकच्या वरच्या लिंकला किंवा सीटमागे बांधली तर ओढणारा ट्रॅक्टरही तसाच उलटू शकतो. शक्य असेल तर रुतलेला ट्रॅक्टर आला त्याच वाटेने मागे काढावा. आधी अवजार सोडावं, चाकासमोरची माती खोदावी, मगच प्रयत्न करावा. एकच चाक गरगर फिरत असेल तर चाक थांबवून डिफरेन्शियल लॉक लावावा, आणि तो लावलेला असताना वळण घेऊ नये.

टायर वाचला, पण जमिनीचं काय?

समजा इतका भारी टायर मिळाला की ट्रॅक्टर कुठेच रुतत नाही. मग ओल्या शेतात खुशाल घालायचा का?

नाही. ओली काळी माती चाकाखाली दबली की तिच्यातली हवेची आणि पाण्याची जागा नाहीशी होते. मुळं खाली जात नाहीत, पाणी मुरत नाही, वर साचून राहतं. हे नुकसान बहुतांश पहिल्याच फेरीत होतं. रुंद टायर आणि कमी हवा यांनी वरचा थर काहीसा वाचतो, पण खोलवरचा दाब ट्रॅक्टरच्या एकूण वजनावर ठरतो. टायर कितीही महाग घेतला तरी ते वजन कमी होत नाही.

जुन्या शेतकऱ्यांचा 'वाफसा' हा शब्द नेमकं हेच सांगतो. मूठभर माती घेऊन दाबावी. गोळा चिकटून राहिला आणि हाताला लागला तर थांबावं. दाबल्यावर गोळा झाला पण बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आला.

शक्य असेल तिथे चाकांची वाट ठरवून घेणं हा दुसरा उपाय. रुंद वरंबा सरी, म्हणजेच बीबीएफ पद्धतीत पीक वरंब्यावर असतं आणि ट्रॅक्टरची चाकं सरीतून जातात. दबते ती फक्त सरी. जास्त पावसात तीच सरी पाणी बाहेर काढते. विदर्भात सोयाबीनसाठी कृषी विभाग ही पद्धत सुचवतो.

आणि शेतापर्यंतच्या वाटेचं काय? ट्रॅक्टर अनेकदा शेतात रुततच नाही, तो पांदण रस्त्यावरच रुततो. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच कारणासाठी. ज्या पांदणीचं खडीकरण झालं, तिथे साधा आर-१ टायरही पुरतो. एका गावातल्या पन्नास शेतकऱ्यांनी पन्नास महाग टायर घेण्यापेक्षा ग्रामपंचायतीत एका पांदणीचा पाठपुरावा करणं स्वस्त पडू शकतं.

दुकानात जाण्याआधी

आधी कागदावर पाच गोष्टी लिहून काढा. जमीन खोल आहे की उथळ, वर्षातले किती दिवस शेत आणि किती दिवस रस्ता, पिकाच्या ओळींतलं अंतर, सध्याच्या टायरचं माप आणि प्लाय, आणि घसरणीच्या चाचणीचा आकडा. या पाच उत्तरांनंतर एमआरएफ की अपोलो, सिएट की बीकेटी, हा प्रश्न बराच सोपा होतो.

किमतीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर आणि ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वीची किंमत १५,००० रुपये असेल तर आधी २,७०० रुपये कर लागायचा, आता ७५० रुपये. पक्कं बिल मागा आणि त्यावर कोणता दर लावलाय ते बघा.

आणि टायर घेऊन घरी आल्यावर, पहिल्या मोठ्या पावसानंतर शेतात जाण्याआधी मूठभर माती दाबून बघा. गोळा फुटत नसेल तर नव्या टायरलाही एक दिवस विश्रांती द्या.